संगणकाची इर्जिक



कोणाची नांगरट मागे पडली की शेजारीपाजारी आपापली औते घेऊन त्याच्या रानात उतरत. दिवसभरात वावर उलटून होई. घरधनीण सर्वांना पोटभर जेवू घाली. मजुरीचे नाव कोणी काढत नसे. हीच आपली इर्जिक. ट्रॅक्टर आले आणि पुष्कळ गावांतून ती गेली. पण संगणकाच्या जगात तसाच रिवाज आज चालू आहे. तुमच्या घरातील शिकलेल्या मुलामुलींना त्यात भाग घेता येईल, म्हणून आज त्याविषयी.

संकरित बियाणे दर हंगामाला विकत आणावे लागते. सरळ वाणाचे बियाणे मात्र घरी निवडून ठेवता येते आणि शेजाऱ्यालाही देता येते. सॉफ्टवेअरचेही असेच आहे. काही विकत घ्यावे लागते व त्याची नक्कल दुसऱ्याला देता येत नाही. काही मुक्त असते: वापरा, आत काय आहे ते पाहा, सुधारा, वाटा. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अशा कामाची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केले. तुमच्या अँड्रॉइड मोबाइलचा गाभा तोच आहे. पत्रे लिहिण्यास व हिशेब ठेवण्यास उपयोगी पडणारे लिब्रेऑफिस २०१० पासून असेच मिळते.

आता प्रश्न येतो तो अडल्यावर. बियाणे उगवले नाही तर दुकानदाराला धरता येते. फुकट घेतलेल्या सॉफ्टवेअरमागे असा दुकानदार नसतो. मग उत्तर कोण देतो? बहुधा तुमच्यासारखाच दुसरा वापरणारा. त्याने ते सॉफ्टवेअर बनवलेले नसते. फक्त तो त्याच खड्ड्यातून आधी गेलेला असतो.

तो हे का करतो? वेबसाइट चालवणाऱ्या अपाचे या मुक्त सॉफ्टवेअरच्या मदतनीसांचा अभ्यास करीम लखानी व एरिक फॉन हिपेल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. मदतनीसांचा बहुतेक वेळ उत्तरे लिहिण्यात नव्हे, तर इतरांचे प्रश्न व उत्तरे वाचण्यात जात होता. त्यांच्या एकूण श्रमांपैकी ९८ टक्के श्रमांतून त्यांचे स्वतःचेच शिक्षण होत होते. उत्तर आधीच माहीत असे, म्हणून ते देण्यास थोडी मिनिटे पुरत. पूर्वी प्रशिक्षण व भेट योजनेत संपर्क शेतकरी असत. दहा जणांना सांगता सांगता त्यांचीच शेती पक्की होई, तसेच हे.

एक उदाहरण घ्या. बचत गटाच्या सचिव ताई लिब्रेऑफिसमध्ये मराठी अहवाल लिहितात. अक्षराचा आकार बदलायला जातात, तर इंग्रजी बदलते आणि मराठी तसेच राहते. कारण साधे आहे. अक्षरांच्या खिडकीत रोमन लिपीसाठी एक व देवनागरीसाठी दुसरा असे वेगळे रकाने असतात. दुसरा रकाना दिसत नसेल तर ऑप्शन्समधील भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ ही खूण चालू करावी. जाणत्याला हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. ताईंचा मात्र दिवस जातो. इंग्रजीत अशी उत्तरे ढिगाने आहेत. मराठीत ती फार थोडी, आणि अडलेल्याला नेमकी मराठीच हवी असते.

मदत मागणाऱ्याने काय करावे? ‘पान पिवळे पडले, काय मारू?’ एवढ्यावर कोणताही कृषी अधिकारी औषध सांगणार नाही. वाण, पेरणीची तारीख, पाणी, खत हे तो विचारेल. तसेच इथे सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती, संगणकाची प्रणाली, पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, आणि आपण काय काय करून पाहिले, हे लिहावे. पडद्याचा फोटो देताना खाते क्रमांक झाकावा. पासवर्ड कोणालाही देऊ नये.

मदत करणाऱ्याने चार गोष्टी पाळाव्यात:

१. आधी फायलींची नक्कल वेगळी ठेवायला सांगावी. ‘सगळे पुसून नव्याने टाका’ या एका सल्ल्याने गटाचा वर्षाचा हिशेब जाऊ शकतो.

२. स्वतः करून पाहिलेलेच सांगावे. अंदाजाने औषधाची मात्रा सांगू नये, तशी आज्ञाही सांगू नये. ठाऊक नसेल तर तसे म्हणावे.

३. ‘एवढेही कळत नाही?’ असे कधी म्हणू नये. एकदा हिणवलेला माणूस पुन्हा विचारत नाही. तो संगणकच बंद करतो.

४. शक्य तेथे उत्तर सर्वांना दिसेल असे द्यावे. कानात सांगितलेले एकाच्या कामी येते, चावडीवर सांगितलेले गावाच्या.

आणि ज्याचे काम झाले, त्यानेही ‘या उपायाने जमले’ असे लिहून कळवावे. नाहीतर पुढच्याला खरे उत्तर कोणते ते समजत नाही.

सावडीत आज तुम्ही माझ्याकडे, उद्या मी तुमच्याकडे, अशी फेड असते. इथे फेड त्याच माणसाची होत नाही, पुढच्या अडलेल्याची होते. आपल्याला ज्याने सांगितले त्याचा चेहराही आपण पाहिलेला नसतो. म्हणून या आठवड्यात घरातल्या जाणत्या मुलाला किंवा मुलीला एवढेच सांगा: संगणकावर तुला आलेली आणि तू सोडवलेली एक अडचण सोप्या मराठीत लिहून काढ, आणि गावातल्या एका तरी माणसाला ती शेजारी बसून करून दाखव. माउस मात्र त्याच्याच हातात राहू दे.