शाळेबाहेरचे शंभर यार्ड

जुहूच्या जेव्हीपीडी योजनेतील बंगल्यात राहणारा नववीतला मुलगा आणि जवळच्याच नेहरूनगर वस्तीतला त्याच्याच वयाचा मुलगा यांच्या शाळा वेगळ्या, खिशातले पैसेही वेगळे. पण मित्राने पुढे केलेली पहिली पुडी किंवा पहिला झुरका दोघांनाही चारचौघांत नाकारावा लागतो. बरेच जण अडखळतात ते तिथेच.

२०१९च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातील १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करत असल्याचे आढळले. तंबाखूने कर्करोग होतो हे त्यांना ठाऊक नसते असे नाही. पाकिटावरच भलेमोठे चित्र असते. शाळांचा भर मात्र अजून भाषणे, शपथ आणि घोषवाक्यांवर. त्यात तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी, ऐन सुट्टीत!

सलाम बॉम्बे फाउंडेशनने मुंबई महापालिकेच्या शाळांत वेगळी वाट धरली. दुष्परिणामांच्या माहितीबरोबरच नकार कसा द्यायचा, दबाव कसा हाताळायचा, हेही मुलांना शिकवले. हार्वर्ड आणि नवी मुंबईतील हीलिस संस्थेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. उपक्रम झालेल्या शाळांत आठवी-नववीच्या ४.१ टक्के मुलांनी गेल्या महिनाभरात तंबाखू घेतल्याचे सांगितले. इतर शाळांत ८.७ टक्के मुलांनी. आकडे मुलांनीच सांगितलेले आणि तुलना उपक्रमानंतरचीच, म्हणून ते जपून वाचावेत. पण दिल्ली आणि चेन्नईतील ३२ शाळांत दोन वर्षे चाललेल्या ‘मैत्री’ प्रयोगाचा कलही तोच होता. तिथे वर्गातल्याच मुलांकडे पुढाकार दिला होता. त्या शाळांत सेवन घटले, इतर शाळांत वाढले.

शाळेच्या फाटकाबाहेर काय? २००३च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरमध्ये, तंबाखूविक्रीला मनाई आहे. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर आणि २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. यातला शेवटचा निर्णय मुलांच्या दृष्टीने सर्वांत नेमका, कारण त्यांच्या खिशाला परवडते ती एकच सिगारेट, पाकीट नव्हे. मात्र प्रत्येक टपरीवर रोज नजर ठेवणे कोणत्याच यंत्रणेला सोपे नाही.

मुंबईतला अभ्यास महापालिका शाळांपुरता होता. जुहूतल्या महागड्या शाळांना तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. पण ती पेनासारखी दप्तरात मावते आणि तिला सिगारेटसारखा धुराचा वास येत नाही. तिथला नकाराचा सराव त्याच मुलांना विचारून, नव्याने आखावा लागेल.