घराचा सौदा आणि खरेदीदाराची अडकलेली रक्कम

एका भगिनीने पत्रातून विचारले आहे : मुंब्र्यातील फ्लॅट 42 लाखांना विकायचे ठरले. 2 लाख विसार मिळाला. त्या भरवशावर आम्ही पनवेलला दुसऱ्या घराचा विसार देऊन बसलो. खरेदीदार तीन महिन्यांपासून ‘कर्जाचे काम चालू आहे’ एवढेच सांगतो. थांबावे की सौदा मोडावा?

भगिनी, आधी रक्कम नेमकी कुठे अडली आहे ते पाहा. खरेदीदाराकडे बँकेचे मंजुरीपत्र मागा. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते. म्हणजे 42 लाखांवर फार तर 33 लाख 60 हजार. उरलेले 8 लाख 40 हजार आणि मुद्रांक शुल्क खरेदीदाराने स्वतः उभे करायचे असते. बँकेने घराचे मूल्य कमी धरले, तर ही रक्कम आणखी वाढते. तिची सोय झाली आहे का, हे स्पष्ट विचारा.

कधी अडचण आपल्याच कागदांत असते. आधारवर ‘शेख’, जुन्या करारात ‘शैख’, सोसायटीच्या दाखल्यावर तिसरेच. किंवा घर मरहूम वडिलांच्या नावावर असते आणि बहिणींची संमती घेतलेली नसते. अशा वेळी दोष खरेदीदाराला देऊ नये. बहिणींचा हिस्सा तर सौद्यापूर्वीच ठरायला हवा.

अडचण खरी असेल तर मुदत अवश्य द्या. सूरह बकराच्या 280 व्या आयतीत तंगीत असलेल्या कर्जदाराला सवलत देण्याची शिकवण आहे. दोनच आयतींनंतर, 282 व्या आयतीत, मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची व साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. आपल्याकडे लोक पहिली आठवतात आणि दुसरी विसरतात. ‘भाऊ, तुमच्यावर विश्वास आहे’ म्हणून कागद टाळला जातो आणि पुढे नाती तुटतात.

म्हणून वकिलाकडून पुरवणी करार करून घ्या. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

• रक्कम देण्याची नवी, शेवटची तारीख.
• तोपर्यंत द्यायचा आणखी एक हप्ता, बँकेमार्फत. 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्यात मनाई आहे.
• पूर्ण रक्कम हाती येईपर्यंत ताबा व किल्ल्या तुमच्याकडेच राहतील. ‘सामान तरी ठेवू द्या’ या विनंतीलाही नम्रपणे नकार द्या.
• तारीख चुकल्यास सौदा रद्द, आणि विसारातून किती वजा होईल. दरमहा टक्केवारी लावण्याऐवजी विलंबामुळे झालेला प्रत्यक्ष खर्च लिहा. करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसारही रास्त भरपाईच मिळते.

पनवेलच्या घरमालकांना आजच खरी परिस्थिती सांगा आणि त्यांच्याकडूनही वाढीव मुदत लेखी घ्या. खरेदीदाराच्या आशेवर स्वतः नवे कर्ज काढू नका.

नव्या तारखेलाही रक्कम आली नाही, तर करारात ठरल्याप्रमाणे हिशेब करून त्याचे पैसे परत द्या आणि दुसरा खरेदीदार शोधा. आधीचा सौदा लेखी रद्द झाल्याशिवाय मात्र नव्या माणसाकडून विसार घेऊ नका.