लुळा पडलेला कुत्रा पिसाळलेलाच असतो काय ?

राजोडीसारख्या किनाऱ्यावरील गावी वाडीच्या राखणीस कुत्रा व उंदरांच्या बंदोबस्तास मांजर पाळण्याची रीत आहे. असा कुत्रा चालता चालता मटकन बसला व लाळ गाळू लागला की तो पिसाळला असे समजून काठी उगारली जाते. ही घाई अनिष्ट होय. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून त्याच्या तोंडात हात घालून औषध पाजणे हे तर त्याहूनही घातक होय. कारण पिसाळ रोगाचा एक प्रकार आक्रमक नसून लुळेपणाचाच असतो. जबडा लोंबणे, आवाज बदलणे, गिळता न येणे ही चिन्हे दिसताच जनावरास हात न लावता ते कोंडून ठेवावे व पशुवैद्यास बोलवावे. चावा झाल्यास किंवा जखमेस लाळ लागल्यास ती जागा 15 मिनिटे साबणपाण्याने धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

परंतु प्रत्येक लुळेपणा पिसाळ रोगाचा नसतो. मायास्थेनिया ग्रेव्हिस या रोगात शरीरातच निर्माण झालेली प्रतिद्रव्ये मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोचू देत नाहीत. अशा कुत्र्याचे पाय थोडे धावताच लटपटतात. विश्रांतीनंतर तो पुन्हा चालू लागतो. पुष्कळदा अन्ननलिका सैल पडून खाल्लेले अन्न उमासे न येता बाहेर पडते व ते श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसदाह होतो. मांजरांत हा रोग क्वचित आढळतो. त्यांची मान खाली झुकते.

नाग किंवा मण्यार यांच्या दंशानेही असाच लुळेपणा येतो, पण तो काही तासांतच वाढतो. कित्येक कीटकनाशकांच्या विषबाधेत अंग थरथरते, बाहुल्या बारीक होतात व जुलाब होतात. येथे अंदाजाने औषध देणे प्राणघातक ठरू शकते. कारण मायास्थेनियावर गुणकारी असणारे पायरिडोस्टिग्मीन अशा विषबाधेत अपाय करते.

म्हणून निदान पशुवैद्यावरच सोपवावे. रक्तातील प्रतिद्रव्यांची तपासणी व छातीचे क्ष-किरण चित्र यांवरून ते निश्चित करता येते. पिसाळ रोगाची शंका फिटल्यावर, त्यांच्या सल्ल्याने, परळ येथे 1886 साली स्थापन झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचेही साहाय्य घेता येईल. मात्र लुळेपणा केव्हा सुरू झाला, विश्रांतीने तो कमी होतो काय, वाडीत कोणते औषध फवारले होते आणि पिसाळ रोगाची लस कधी टोचली होती, ही माहिती मालकच देऊ शकतो. ग्रामसेवकांनी ती विचारून लिहून ठेवण्याची सवय गावास लावावी. काठीपेक्षा अशी नोंद माणसाचे व मुक्या जनावराचेही अधिक रक्षण करील.