लमाणाच्या वाटेवरचा जकात नाका

एखाद्या नटावर जीव असणाऱ्यांच्या गोतावळ्यात नवे माणूस आले की त्याचे स्वागत कसे होते, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा आहे. आमच्या मते तो समीक्षेचा आहे, आणि त्याबाबतचे आपले, म्हणजे स्वतःस रसिक म्हणवून घेणाऱ्यांचे, वर्तन लाजिरवाणे आहे. हे विधान कठोर वाटेल याची आम्हांस कल्पना आहे. तरीही ते मागे घेण्याची आमची इच्छा नाही, कारण ज्या प्रसंगावरून ते सुचले त्यात आम्हीही सामील होतो.

डॉ. श्रीराम लागू यांच्या चाहत्यांचे एक लहानसे मंडळ १६ नोव्हेंबरला, त्यांच्या जन्मदिवशी, एकत्र जमते. पंधरा-वीस माणसे, एक सतरंजी, चहा, आणि आठवणी. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आम्ही तेथे नेली. तिने लागूंचे चित्रपट लागोपाठ पाहिले होते आणि तिला काही बोलायचे होते. ती म्हणाली की 'पिंजरा'तला (१९७२) मास्तर आणि 'सामना'तला (१९७४) मास्तर हे एकाच नटाने दोनच वर्षांच्या अंतराने केले, हा केवळ योगायोग मानू नये. पहिला ताठ उभा असतो आणि आपल्या डोळ्यांदेखत कोसळतो. दुसरा कोसळलेलाच पडद्यावर येतो, दारूच्या गुत्त्यातून उचलून आणलेला, आणि एका नाहीशा झालेल्या माणसाविषयी प्रश्न विचारत विचारत हळूहळू उभा राहतो. पुढे ती म्हणाली की 'पिंजरा'च्या शेवटी मास्तर स्वतःच्याच खुनाचा आरोप स्वीकारून फासावर जायला तयार होतो, तो गावाच्या मनातली गुरुजींची मूर्ती अभंग राहावी म्हणून; म्हणजे गावाला माणूस नको असतो, मूर्ती हवी असते.

आम्ही व्यवसायाने मास्तर. हे ऐकताना आम्ही किंचित अवघडलो, आणि तेवढेच सुखावलोही. एखादा मुद्दा खरा असला की असेच होते.

मंडळातील ज्येष्ठ सद्गृहस्थांनी तिचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "'नटसम्राट' पाहिलंयस का तू? लागूंचं?"

"सिनेमा पाहिलाय, सर."

सारे हसले. दुष्टपणे नव्हे, वडीलधारे हसतात तसे. "मग ठीक आहे, पुष्कळ वेळ आहे तुला," असे म्हणून त्यांनी तिच्या हाती चहाचा कप दिला. ती त्यानंतर तेथे आली नाही. आम्ही त्या वेळी एक शब्दही बोललो नाही.

येथे एक हिशेब मांडणे भाग आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. संस्था गोवा हिंदू असोसिएशन, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर. त्या दिवशी आम्हां दोघांपैकी कुणाचाही जन्म झालेला नव्हता. लागूंना रंगमंचावर आम्ही प्रत्यक्ष पाहिले ते विद्यार्थिदशेत, मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये (१९९९), सत्तरी ओलांडलेला सॉक्रेटिस म्हणून. त्यांचा गणपतराव बेलवलकर आमच्यापर्यंत आला तो वडिलांच्या बोलण्यातून आणि ध्वनिफितीवरच्या स्वगतांतून. तरीही त्या संध्याकाळी आम्ही असे हसलो की जणू पहिल्या रांगेचे तिकीट अजून आमच्या खिशात आहे. त्या मुलीला जी पात्रता नाही म्हणून गप्प बसवण्यात आले, ती पात्रता त्या खोलीत फार तर चौघांपाशी होती. बाकीच्यांची उसनवारी होती. आमची तर निश्चितच.

आणि या उसन्या पात्रतेचीही उतरंड असते. लागूंचा सुरुवातीच्या काळातला प्रयोग पाहिलेला तो सर्वांत वरचा. नंतरचा पाहिलेला त्याखाली. ज्याने दत्ता भट, सतीश दुभाषी किंवा यशवंत दत्त यांचा बेलवलकर पाहिला त्याला सहानुभूती मिळते. १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या चित्रपटातून जो आला त्याच्या वाट्याला हसू. बेलवलकर एवढ्या नटांनी कसा वेगवेगळा उभा केला असेल, याची तुलना खरे तर कुणीतरी मांडून करायला हवी. पण उतरंडीत तुलनेला जागा नसते, तेथे फक्त पायरी असते.

वाचक म्हणतील, नाटक ही नाशवंत कला आहे, ज्याने पाहिले त्याच्या साक्षीला मोल असणारच. मान्य. आमचा आक्षेप साक्षीवर नाही, साक्ष न देणाऱ्या साक्षीदारांवर आहे. गेली कित्येक वर्षे आम्ही या ज्येष्ठांना विचारत आलो आहोत: घर मागणाऱ्या त्या स्वगताला लागू किती सावकाश सुरुवात करीत? आवाज कोठे दाबीत आणि कोठे सोडीत? शांता जोग यांची कावेरी बेलवलकरांचे बोलणे ऐकताना काय करीत असे? उत्तर बहुधा एकच येते, की अंगावर काटा आला होता. काटा ही साक्षीदाराच्या त्वचेविषयीची माहिती झाली. नटाविषयी तिच्यातून काहीही कळत नाही. त्या मुलीने दोन चित्रपटांविषयी जेवढे सांगितले त्याच्या निम्मेही एका महान प्रयोगाविषयी आम्हांस या मंडळींकडून मिळालेले नाही. अपवाद आहेत. एका गृहस्थांनी आम्हांस केवळ बेलवलकरांच्या चालण्याविषयी अर्धा तास सांगितले होते. ते मंडळात फारसे येत नाहीत.

बालगंधर्वांचे उदाहरण घ्या. १९२१ साली केशवराव भोसले यांच्यासह झालेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग प्रौढ वयात पाहिलेला प्रेक्षक आज हयात असणे शक्य नाही. बालगंधर्वांपुढे आज आपण सारेच नवखे आहोत. म्हणून त्यांच्या गायकीविषयीचे बोलणे थांबले काय? ध्वनिमुद्रिका लावून, एकेक जागा पुन्हा पुन्हा ऐकून माणसे आजही वाद घालतात. लागूंच्या बाबतीतही तो दिवस येणार आहे. डॉक्टर १७ डिसेंबर २०१९ रोजी गेले. त्यांचे प्रेक्षकही एकेक करून जात आहेत. तेव्हा मागे काय उरेल हे आज दाराशी आलेल्या मुलामुलींना आपण कसे वागवतो यावर ठरेल.

अभिनवगुप्ताने सहृदयाची जी कल्पना मांडली ती आपण दर वर्षी वर्गात शिकवतो. काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, वर्ण्य विषयाशी जो तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. या व्याख्येत अमुक साली अमुक नाट्यगृहात हजर असण्याची अट नाही. परीक्षेत यावर दहा गुणांचा प्रश्न असतो. संध्याकाळी मात्र आपण सतरंजीवर बसून नेमकी उलट व्याख्या चालवतो.

जेथे परीक्षा घेत नाहीत तेथे नव्या माणसावर कौतुकाचा वर्षाव होतो, तोही आम्हांस तितकाच संशयास्पद वाटतो. या, या, आपल्या कुटुंबात स्वागत आहे, डॉक्टरांवर प्रेम करणारे आणखी एक माणूस मिळाले! कुणीतरी फूल देतो, कुणीतरी छायाचित्र दाखवतो. नव्या माणसाने भारावून जायचे आणि भारावल्याचे सांगायचे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. त्याने 'सिंहासन'मधल्या (१९७९) विश्वासराव दाभाड्यांपेक्षा अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री मला अधिक उमगला, असे म्हणून पाहावे. कुटुंबातील तापमान लगेच उतरते. एके ठिकाणी नवख्याला आपल्या पाहण्याचा दाखला आणावा लागतो आणि दुसरीकडे नुसता नमस्कार पुरतो. तू काय पाहिलेस, हे त्याला दोन्हीकडे कुणी विचारीत नाही.

आणि हे कुणाच्या नावाने? देवाला आता निवृत्त करा असे जाहीरपणे लिहिणाऱ्या माणसाच्या! ज्याने गाभाऱ्याची कल्पनाच नाकारली त्याच्याभोवती आपण गाभारा बांधला, सोवळे पाळू लागलो, आणि वर दीक्षाविधीही ठरवला. या देवळात 'गिधाडे' बसवणारे लागू फारसे दिसत नाहीत हेही लक्षात घ्यावे. तेंडुलकरांचे ते नाटक दिग्दर्शक म्हणून रंगमंचावर आणण्यासाठी त्यांनी जो झगडा केला तो १९७० सालचाच, 'नटसम्राट'च्याच वर्षातला. पण झगडणारा माणूस आरतीत बसत नाही.

लागूंनी आपल्या आत्मचरित्राला 'लमाण' हे नाव दिले. नट हा इकडचा माल तिकडे पोचवणारा, ही त्यामागची त्यांची धारणा. माल लेखकाचा, पाठ नटाची, आणि पोचवायचा तो प्रेक्षकापर्यंत. या व्यवहारात वाटेवर आडवा बांबू टाकून बसलेल्यांची जागा कोणती, ते आम्हांस त्या पुस्तकात कोठे आढळले नाही. महाराष्ट्रात जकात बंद होऊन काही वर्षे झाली. आमच्या मंडळातील नाका अजून चालू आहे, आणि तेथे पावती फाडणाऱ्यांत आम्हीही होतो.

ती मुलगी आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मागील महिन्यात आम्ही मंडळास पत्र लिहून सुचवले की येत्या १६ नोव्हेंबरला तिला दोन मास्तरांविषयी सविस्तर बोलायला बोलवावे. चहापानानंतर पाच मिनिटे देता येतील, असे उत्तर आले. त्या दिवशी 'लागू आणि मराठी रंगभूमी' या विषयावर आम्हां दोघांस मिळून चाळीस मिनिटे दिलेली आहेत. ती तिला द्यावीत, आम्ही श्रोत्यांत बसू, असे आम्ही उलट टपाली कळवले आहे. तिलाही फोन केला. तिने विचारले, "सर, ते परत 'नटसम्राट'चं विचारणार नाहीत ना?" आम्ही म्हटले, विचारतील. विचार करून कळवते, असे म्हणून तिने फोन ठेवला.