गोळी पोटात, बुरशी कवळीत

"डॉक्टरसाहेब, गोळी घेतली की आठ-दहा दिवस बरे वाटते, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न," एका निवृत्त गुरुजींनी गेल्या महिन्यात माझ्यापुढे गाऱ्हाणे मांडले. वय बहात्तर, मधुमेह जुना, वरच्या जबड्याला पूर्ण कवळी. तोंडात चरचर, तिखट सोसत नाही, ओठांचे दोन्ही कोपरे चिरलेले. पिशवीतून त्यांनी जुन्या चिठ्ठ्यांची गड्डी काढली. दीड वर्षात बुरशीविरोधी फ्लुकोनाझोलचे पाच कोर्स झाले होते. त्यातल्या दोन चिठ्ठ्यांवरचे अक्षर माझेच होते.

"गुरुजी, जरा कवळी काढा बघू." ते संकोचले. शेजारी सूनबाई बसल्या होत्या. त्या बाहेर गेल्यावर कवळी निघाली. टाळूवर बरोबर कवळीच्या आकाराचा लालभडक ठसा होता. कवळीच्या आतल्या अंगावरून बोट फिरवले तर न घासलेल्या माठाच्या तळाला असतो तसा बुळबुळीत थर. रात्री काढता का, असे विचारल्यावर म्हणाले, "छे हो! बसवल्यापासून झोपताना कधी काढलीच नाही. कोणी सांगितले नाही."

खरी गोम त्या थरात आहे. कॅन्डिडा अल्बिकन्स ही यीस्ट जातीची बुरशी; पाव फुगवणाऱ्या यीस्टची लांबची भाऊबंद. सुमारे निम्म्या निरोगी माणसांच्या तोंडात ती गुपचूप राहते, कारण लाळ तिला सतत धुऊन काढत असते. वरच्या कवळीखाली मात्र लाळ पोचत नाही. कवळीचे अ‍ॅक्रिलिक आपल्याला गुळगुळीत वाटले तरी त्यात सूक्ष्म खाचा असतात. तिथे बुरशीच्या पेशी चिकटतात, धागे काढतात आणि स्वतःभोवती चिकट लिंपण करतात. एक-दोन दिवसांत घर बांधून तयार! शास्त्रज्ञ याला बायोफिल्म म्हणतात. आपण बुरशीची साय म्हणू.

या सायीतली बुरशी औषधाला वेगळी वागते. ग्लासगो विद्यापीठातील हॉसर आणि डग्लस यांनी १९९४-९५ मध्ये कॅथेटरच्या नळीच्या तुकड्यांवर कॅन्डिडाची साय वाढवली आणि तिच्यावर त्या काळची बुरशीविरोधी औषधे वापरून पाहिली. सुट्या पेशींना पुरणारी मात्रा सायीला पुरेना. कित्येक पटींनी वाढवावी लागली. पुढच्या संशोधनात याची कारणे उलगडली. लिंपणातला ग्लुकन नावाचा पदार्थ फ्लुकोनाझोलला वाटेतच धरून ठेवतो. साय नवी असताना पेशी आत शिरलेले औषध बाहेर उपसून टाकतात. मुळात फ्लुकोनाझोल कॅन्डिडाची वाढ थोपवते, तिला ठार करत नाही. जोरकस औषध दिले तरी काही पेशी निपचित पडून त्यातून तगतात आणि कोर्स संपला की पुन्हा संसार मांडतात.

यातली सर्वांत फसवी गोष्ट अशी, की सायीतून सुटलेली पेशी बऱ्याचदा पुन्हा औषधाला वश होते. प्रयोगशाळेत सहसा तपासल्या जातात त्या अशा सुट्या पेशी. म्हणून अहवालात 'औषध लागू पडते' असे छापून येते, रोगी मात्र तसाच. मग डॉक्टर मात्रा वाढवतो. दोष बुरशीच्या जातीत कमी आणि तिच्या घरात जास्त असतो, हे आमच्या ध्यानात येत नाही, कारण आम्ही कवळी हातात घेऊन पाहतच नाही.

वारंवार दिलेली ही गोळी निरुपद्रवी नाही. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, ती घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वॉरफॅरिन चालू असेल तर रक्तस्रावाची भीती. शिवाय साधी जात दबली की फ्लुकोनाझोलला फारशी दाद न देणारी ग्लॅब्राटासारखी जात तिची जागा घेते. अतिदक्षता विभागात मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर अशीच साय धरते, तेव्हा प्रश्न जिवाचा असतो. तिथेही पहिला नियम हाच, की शक्य असेल तर नळी लवकरात लवकर काढा. २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णन झालेली कॅन्डिडा ऑरिस आज भारतातल्या रुग्णालयांतही आहे आणि फ्लुकोनाझोलला ती सहसा जुमानत नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यंत धोकादायक बुरशींची यादी काढली. तिच्या सर्वांत वरच्या गटात ऑरिस आहे आणि तोंडातली आपली अल्बिकन्सही. ज्यांच्यावाचून उद्या कुणाचा जीव अडेल अशी औषधे मोजकीच आहेत. ती न घासलेल्या कवळीवर खर्ची घालणे मला मान्य नाही.

माझे म्हणणे एवढेच, की तोंडातल्या बुरशीची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी डॉक्टरने कवळी काढून पाहावी आणि 'कवळी तपासली' असे तिच्यावर लिहावे. कवळी बसवणाऱ्यांनीही निगेच्या चार गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात.

गुरुजींना मी सहावा कोर्स दिला नाही. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रश आणि साध्या साबणाने आतून-बाहेरून घासायची, टाळू ओल्या फडक्याने हलकेच पुसायची. दंतमंजन, मिश्री नको; त्याने चरे पडून बुरशीला नवी जागा मिळते. गरम पाणीही नको, कवळी वाकते. जंतुनाशक द्रावण कोणते आणि किती वेळ, ते दंतवैद्यांना विचारूनच. कवळीत धातू असेल तर ब्लीच चालत नाही. आणि साखर आटोक्यात हवी, हे ओघाने आलेच.

चौथ्या आठवड्यात टाळू बरीच फिकी झाली होती, तिखटही सोसू लागले होते. कवळी मात्र सैल आहे, हलून घासते. ती नव्याने करावी लागेल. त्या खर्चावरून घरात अजून बोलणे चालू आहे.