विद्युत वाहनांचे दर : आश्वासनाची मुदत सरली, तफावत कायम

नवी दिल्ली : विद्युत दुचाकी, मोटारी आणि रिक्षांच्या किमती दोन वर्षांत पेट्रोल वाहनांएवढ्या होतील, असे आश्वासन केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी मार्च २०२२ मध्ये लोकसभेत दिले होते. ती मुदत उलटून गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी याच समानतेसाठी चार ते सहा महिन्यांचा अवधी सांगितला. मुदत पुढे सरकत असली, तरी दालनातील दरपत्रकावरील तफावत मात्र कायम आहे.

या आश्वासनाचा आधार होता बॅटरीची घटती किंमत. तो अंदाज सर्वस्वी चुकला नाही. जागतिक बाजारात २०२४ मध्ये बॅटरी संचाची सरासरी किंमत प्रति किलोवॅट-तास ११५ डॉलरपर्यंत उतरली. परंतु बॅटरी स्वस्त होत असतानाच सरकारी अनुदानही आटत गेले. 'फेम-२' योजनेत जून २०२१ पासून दुचाकीला प्रति किलोवॅट-तास १५ हजार रुपये मिळत होते. जून २०२३ मध्ये ते १० हजारांवर, तर एप्रिल २०२४ मध्ये पाच हजारांवर आले. शिवाय एका दुचाकीमागे कमाल मर्यादा १० हजार रुपये ठरली. बॅटरीतील बचतीचा मोठा वाटा अशा रीतीने अनुदानातील कपातीनेच गिळला.

दुसरे कारण वस्तू व सेवा कराचे. विद्युत वाहनांवर २०१९ पासून पाच टक्के कर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल मोटारींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि स्पर्धा अधिक विषम झाली. टाटा टियागोचे उदाहरण बोलके आहे. करकपातीनंतर तिच्या पेट्रोल आवृत्तीची प्रारंभिक किंमत ४.५७ लाख रुपये झाली, तर विद्युत आवृत्तीची ७.९९ लाख राहिली. म्हणजे फरक सुमारे ३.४ लाखांचा.

हा फरक इंधनखर्चातून भरून निघतो, असा युक्तिवाद केला जातो. प्रति किलोमीटर पाच रुपयांची बचत गृहीत धरल्यास त्यासाठी सुमारे ६८ हजार किलोमीटर धाव लागते. महिन्याला तीन हजार किलोमीटर मोटार चालवणाऱ्या व्यावसायिकाचे पैसे दोन वर्षांच्या आत वसूल होतात. महिन्याला सहाशे किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला मात्र साडेनऊ वर्षे थांबावे लागेल. बॅटरीची हमी आठ वर्षांचीच आहे.

समानता आली आहे ती रोज दूरवर धावणाऱ्यांपुरती. बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबासाठी प्रश्न पुढील दशकातील बचतीचा नसून पहिल्या दिवशी भरावयाच्या रकमेचा आणि दरमहाच्या हप्त्याचा आहे. देशात बॅटरी घट निर्मितीसाठी २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. तिचे फलित दरपत्रकावर दिसेपर्यंत नव्या मुदतीकडेही ग्राहक सावधपणेच पाहतील.