पैसे मी मोजले की मदरबोर्डने?

गेल्या शनिवारी नवा पीसी जोडला. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळं स्वतः निवडून. पहिल्या फटक्यात बूट झाला, म्हटलं जिंकलो! रविवार मात्र लायसन्स हलवण्यात गेला...

विंडोजचं निभावलं, कारण माझं रिटेल होतं. ते जुन्या मशीनवरून काढून नव्यावर टाकता येतं. तयार पीसीबरोबर आलेलं ओईएम असतं तर संपलंच, ते त्याच मशीनला बांधलेलं. (आणि मशीन म्हणजे मुख्यतः मदरबोर्ड. रॅम, कॅबिनेट खुशाल बदला.) दुकानदार हा फरक सांगत नाही, आपणही स्वस्त आकडा बघून मान डोलावतो.

अडलं ते एका ऑडिओ एडिटरपाशी. नाव नको. अॅक्टिव्हेशन दोनच. एक मेलेल्या लॅपटॉपवर अडकलेलं, दुसरं जुन्या पीसीवर, आणि तो मी शनिवारी उत्साहात फॉरमॅट करून बसलो. सपोर्टला मेल टाकला, तर 'नियमानुसार शक्य नाही'. चूक माझी, मान्य. तुम्ही तरी आधी डीअॅक्टिव्हेट करा, मग जुन्याला हात लावा.

पण २०१२ साली युरोपियन युनियनच्या न्यायालयाने यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात सांगितलं, कायमचं विकलेलं लायसन्स घेणारा पुढे विकू शकतो, फक्त स्वतःची कॉपी निकामी करायची. तिथे परक्याला विकता येतं, आणि मला माझ्याच टेबलावर दोन फूट सरकवता येत नाही!

क्रॅक वापरणाऱ्या मित्राला हे सांगितलं. तो अजून हसतोय. असो, उद्या सपोर्टला परत मेल टाकतो, यावेळी पावती जोडून.